सिस्टरांचं विरजण

"हात मागं, पावणं."

फिशटँकसमोर कुणीही जाऊन उभं राहिलं की सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मग त्या स्वतःचेही दोन्ही हात पाठीमागे बांधत, मान किंचित पुढे काढत आणि वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या काचेतल्या गप्पी माशांकडे बघत राहत. काचेला बोट लावायचं नाही, जाळी घालून ढवळायचं नाही, नुसतं बघायचं. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढलेल्या बाईचे हात इतके निवांत कसे, याचं मला नवल वाटायचं.

त्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. जिन्यावर दोन दारं आणि मधे चपलांचं रॅक. अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची आणि त्या अख्ख्या बिल्डिंगला पावणं. पेपरवाला पावणं, सोसायटीचा चेअरमनही पावणं. ही वॉर्डातली सवय. पेशंटला नाव विचारण्याआधी पावणं म्हटलं की तो बिचारा निम्मा बरा व्हायचा, असं त्यांचं म्हणणं.

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकतो. मला या बाईंचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जेवताना घास अडकावा असा. कारण होते माझे वडील.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-चंदगड हा त्यांचा रस्ता. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, पण बोलणं आटलं. घरात दिवसभरात चार शब्द. चहा, पंखा, व्हय, न्हाय. आणि हेच आण्णा दुपारी काठी टेकत समोर जायचे, सिस्टरांच्या टँकपुढच्या खुर्चीत बसायचे आणि बोलायचे. सिस्टर मूळच्या चंदगडकडच्या. त्यामुळे कुठल्या वळणावर गाडी बंद पडली, कुठल्या थांब्यावरची म्हातारी ओल्या काजूगरांची पुडी द्यायची, सगळं निघायचं. अडखळत, थांबत, पण निघायचं. मी सकाळपाळी करून घरी आलो की दोन्ही दारं उघडी असायची आणि मला इकडे सोफ्यावर बसून ते ऐकू यायचं. त्यातली एकही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती.

बायको म्हणायची, बोलतात हे महत्त्वाचं, कुठं बोलतात याच्याशी काय करायचंय. तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त राग यायचा.

शेवटी मी टँक आणला. सिस्टरांचा दोन फुटी होता म्हणून माझा तीन फुटी. निळा दिवा, प्लास्टिकचा किल्ला, सहा गोल्डफिश. समोर आण्णांसाठी गादीची खुर्ची आणि शेजारी माझ्यासाठी एक. पहिल्या दिवशी पाणी असं लख्ख की मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. आण्णा अर्धा तास बसले. बोलले नाहीत, पण बसले. मी मनातल्या मनात समोरचं दार बंद करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकमध्ये पातळ ताक ओतल्यासारखं दिसत होतं. मासे काचेजवळ आले तरच दिसायचे. आण्णांनी एकदा पाहिलं, "धुकं पडलंय," म्हणाले आणि काठी घेऊन समोर गेले.

मी डेअरीत काम करतो. दुधाचे कॅन आणि टँकर धुण्याच्या खात्यावर माझी देखरेख असते. आमच्याकडे गढूळ म्हणजे घाण आणि घाण म्हणजे धू. मी सगळं पाणी उपसलं, खडे गरम पाण्यात चोळले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. दोन दिवस बरं चाललं आणि परत ताक. परत धुतलं. परत ताक. तिसऱ्या धुण्यानंतर दोन गोल्डफिश उलटे झाले.

तेव्हा सिस्टर आल्या. हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिल्या. किती वेळा धुतलं म्हणून त्यांनी विचारलं, मी तीन वेळा म्हणून सांगितलं, थोडं अभिमानानंच.

"माशांची घाण खाणारं जंतू त्या स्पंजात घर करत असत्यात," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर खेपंला त्यास्नी नळाखाली मारून टाकतासा. सगळंच जंतू वाईट नसत्यात, पावणं. दहा-बारा दिवस खाणं कमी टाका आनि हात मागं."

दहा-बारा दिवस! म्हणजे तोवर आण्णांना आमच्या टँकचा विसर पडणार. बाईंना नेमकं तेच हवंय, असं मला वाटलं. हेवा वाटणाऱ्या माणसाला समोरच्याच्या चांगुलपणात डाव दिसतो. तुम्हालाही कधी दिसला असेल, कबूल करा किंवा करू नका.

दुसऱ्या दिवशी त्या स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत तपकिरी पाणी आणि त्यात त्यांच्या फिल्टरमधला अर्धा कापलेला स्पंज. वास नदीकाठच्या चिखलाचा. "विरजण हाय हे," त्या म्हणाल्या. "तुमच्या फिल्टरात ठेवा."

मी डबा घेतला. त्यांचं दार लागल्यावर पाणी मोरीत ओतलं आणि स्पंज कचऱ्याच्या बादलीत टाकला. मला कळलं नव्हतं असं समजू नका. डेअरीतल्या माणसाला विरजण कळत नाही असं होईल का? पण त्यांच्या विरजणानं माझं पाणी निवळलं असतं तर आण्णा म्हणाले असते, सिस्टरांनी केलं. ते मला नको होतं. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा मी फिल्टरात टाकलं म्हणून सांगितलं.

आठवड्यानं बायकोनं डबा परत द्यायला काढला. आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा पाठवत नाहीत, म्हणून तिनं त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि मला धाडलं. दार उघडंच होतं. आण्णा नेहमीच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यापुढे सिस्टरांचा टँक गढूळ झाला होता. माझ्याइतका नाही, पण गप्पी धूसर दिसत होते.

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

तेवढ्यात आण्णा बोलले. "असल्या धुक्यात मी गाडी कडंला घ्यायचो. लोकं आरडायची. म्हणायचो, गप बसा की." आणि ते हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो, तेही त्या गढूळ काचेकडे बघत. नितळ पाणी बघायला ते इथे येतच नव्हते. माझा तीन फुटी टँक, निळा दिवा, किल्ला, सगळं फुकट होतं.

सिस्टरांनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं. डबा हातात घेतला, चटणीचा वास घेतला.

"अर्धा स्पंज गेला न्हवं, म्हणून टँक जरा दमलाय. व्हईल बरा," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "घंटागाडीत बादली रिकामी करताना बघितलं मी, पावणं."

मी ओट्यावरची रिकामी बरणी त्यांच्यापुढे सरकवली.

"वॉर्डात लई बघितल्यात. गोळ्या उशीखाली ठेवणारी." त्यांनी चटणी तिच्यात काढली, डबा विसळला, बाहेर जाऊन उरलेल्या स्पंजाचा पुन्हा अर्धा तुकडा कापला आणि टँकच्याच पाण्यात बुडवून त्या डब्यात ठेवला. "आता तरी टाका. माझ्यासाठी नगा, आण्णांसाठीबी नगा. चार मासं ऱ्हायल्यात तुमचं."

या वेळी मी तो फिल्टरात टाकला. नवव्या दिवशी पाणी निवळलं. नऊ दिवस हात मागे बांधून राहणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम असावं.

गेल्या दिवाळीनंतर सिस्टरांनी फ्लॅट विकला आणि त्या चंदगडला विधवा बहिणीकडे राहायला गेल्या. गप्पी मासे आणि तो पाव स्पंज माझ्याकडे देऊन गेल्या. निघताना आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, आपल्याकडे निघताना बायकाही म्हणतात तसं, "येतो" म्हणाल्या.

आता आण्णा आमच्याच टँकसमोर बसतात. बोलतातही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, असं कुणीही म्हणेल. परवा मी कामावरून आलो आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायला गेलो, तर त्यांनी काठी आडवी धरली.

"तितं नगो. सिस्टर बसत्यात."

त्यांना गावी जाऊन कितीतरी महिने झाले, असं मी सांगितलं. आण्णांनी नितळ पाण्याकडे पाहिलं.

"येतो म्हणाल्यात की. चंदगडची गाडी लेट हाय."

मी खुर्ची सोडली आणि तिच्या बाजूला उभा राहिलो, हात मागे बांधून.