आईचा रंग छापून घेताना

आईच्या वर्षश्राद्धाला अठरा दिवस उरले होते आणि भिंतीवर लावायला फोटो नव्हता. होता तो माझ्या फोनमध्ये. मळवलीच्या आमच्या खाचराच्या बांधावर, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, मीच काढलेला. डाळिंबी लुगडं, कमरेला खोचलेला पदर आणि लवकर काढ, कामं पडलीत, असा चेहरा. तिचा एकटीचा, डोळे उघडे असलेला दुसरा फोटो नाही.

मी मुद्रितशोधन करते. मूळ प्रत शेजारी ठेवायची, छापलेलं तिच्याशी ताडून पाहायचं, चूक दिसली की खूण करायची. इतकी वर्षं हेच. फोटोचंही तसंच असणार असं मी धरून चालले. फोनमधला फोटो ही मूळ प्रत. त्याबरहुकूम छापून घ्यायचं.

तळेगावच्या स्टुडिओत पहिला प्रिंट हातात आला तो गोरापान. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो उजळ करून देण्याची रीत आहे, सांगावंही लागत नाही. मावळात कुठल्याही घरी जा, उभा जन्म चिखलात आणि उन्हात काढलेली माणसं भिंतीवर दुधासारखी गोरी. स्टुडिओवाला तिशीतला, शांत माणूस. मी त्याला म्हणाले, काहीही करू नका, जसाच्या तसा छापा.

"ताई, जसाच्या तसा असं काही नसतं," तो म्हणाला. "तरी छापतो."

दुसरा प्रिंट काळपट. मी फोन शेजारी धरून दाखवला. त्याने फोन घेऊन स्क्रीनचा उजेड बोटाने खाली ओढला आणि आई माझ्या डोळ्यांदेखत त्या प्रिंटएवढी काळवंडली. स्क्रीन आतून उजळते, कागद मात्र त्याच्यावर पडलेला उजेडच परत देतो, असं काहीसं तो सांगत होता. मला ते समजलं. पटवून घ्यायचं नव्हतं. घरी लॅपटॉपवर मी स्वतःच तो चेहरा तासन्‌तास हवा तसा करत बसले. छापल्यावर तो तांबूस आला. लॅपटॉपवर ती वेगळी, फोनवर वेगळी, त्याच्या मशीनवर तिसरीच कुणी.

फाइलला रंगांचं प्रोफाइल जोडलं की रंग सगळीकडे सारखे दिसतात, असं कुठंतरी वाचलं होतं. ते विचारलं. तो म्हणाला, कोणत्या आकड्याचा अर्थ कोणता रंग, एवढंच प्रोफाइल सांगतं. आकडाच चुकला असेल तर ती चूक तशीच पुढे जाते.

"आणि आकडे फोननं ठरवलेत, ताई. ढगाळ हवा होती ना? फोन आपल्या मनानं चेहरा उजळवतो."

म्हणजे मूळ प्रत कधी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी ते लुगडंच घेऊन स्टुडिओत गेले. वर्षभर ट्रंकेत होतं, मी धुतलं नव्हतं. त्याने ते टेबलावर पसरलं आणि संध्याकाळपर्यंत प्रिंट काढत राहिला. शेवटी ट्यूबलाइटखाली कापड आणि कागद इतके एक झाले की कागदाची कडा शोधावी लागली. सकाळी घरी दाराशी नेऊन पाहिलं तर कागदावरचं लुगडं विटकरी. मी परत गेले. शाई आणि कापड एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात नाही, तो म्हणाला. फोटो लावणार कुठं? दारासमोरच्या भिंतीवर, मी म्हणाले. मग तो प्रत्येक प्रिंट दाराच्या उजेडात नेऊन बघू लागला. चौथ्या खेपेला लुगडं जुळलं. चेहऱ्याशेजारी ठेवायला मात्र माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हा मावशी आठवली. आईची धाकटी बहीण, तिकोणा पेठ गावात असते. दोघींचा रंग एकच, असं सगळे म्हणत. तिच्या ओट्यावर मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

"ही न्हवं," मावशी म्हणाली. "हिला ऊन लागल्यालंच न्हाई."

मी तिचा हात ओढून फोटोशेजारी धरला. तिने धरू दिला आणि मग हसली.

"माजा हात काय बगतीस? दोन वर्सं वट्यावर बसून हाय मी. सावलीत पार पांढरी पडलीया. ती शेवटपत्तर उन्हात व्हती."

मग ती कशी होती, मी विचारलं. काळी, सावळी, तांबूस, कशी?

मावशीने फोटो माझ्याकडे सरकवला. "तुला म्हाईत. लेक तू तिची."

मी डोळे मिटले. समोर आला तो फोनमधला चेहरा. मग काळपट प्रिंट, मग तांबूस, मग लॅपटॉपवर मी केलेला. त्यांच्या मागे कुठंतरी ती असायला हवी होती. तिला हाक मारली की दर वेळी यांच्यापैकीच कुणीतरी वळून बघत होतं. आजही तसंच होतं.

वर्षश्राद्धाला फोटो लावला. आलेले सगळे म्हणाले, छान आलाय. मावशीने फक्त हार सरळ केला. दोन दिवसांनी स्टुडिओवाल्याचा फोन आला. भिंतीवर रंग बरोबर वाटतोय का, त्याने विचारलं.

लुगडं बरोबर आहे, मी म्हणाले. चेहऱ्याचं मला सांगता येत नाही.