पावणेतीन किलोमीटरचं पाणी

"दोन मिनिटं? दोन मिनिटांत माझी किटली तापत नाही!"

पापा वेस्ट्रे बेटावरचा होडीवाला मॅन्सी सीटर दिवसातून निदान तीनदा हे म्हणायचा. समोरच्या वेस्ट्रे बेटापर्यंत पाणी पावणेतीन किलोमीटर. त्याच्या होडीला पंचवीस मिनिटं लागत, विमानाला जेमतेम दोन. त्या दोन मिनिटांवर त्याचा जन्माचा डूख होता.

त्यात त्याची बायको रोबिना विमानतळाच्या आग विझवणाऱ्या पथकात. विमान यायची वेळ झाली की हातातली कामं टाकून ती पिवळा पोशाख चढवायची, धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकलायची. वैमानिकासाठी फडक्यात गरम बॅनॉक भाकरी न्यायची.

"तीस वर्षांत माझ्या होडीवर कधी भाकरी आली नाही," तो म्हणायचा.

"तू घरी येऊन चार खातोस," ती म्हणायची. "तो बिचारा उपाशी उडतो."

वेस्ट्रेला दिलेली त्यांची लेक मेरन पहिल्यांदाच तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी येणार होती. सीटरांच्या घरातलं प्रत्येक मूल पहिल्यांदा हे पाणी घरच्याच होडीतून ओलांडी. मॅन्सीला त्याच्या बापाने आणलं होतं, मेरनला मॅन्सीने. त्याने बसायच्या फळ्या घासून काढल्या, लोकरीची शाल उन्हात घातली आणि सकाळी नऊला होडी सोडली.

वेस्ट्रेच्या धक्क्यावर जावई एरलंड एकटाच उभा होता.

"मामा, मेरन विमानाने निघाली. मामींचा फोन आला होता. लाट आहे म्हणाल्या."

मॅन्सीने पाण्याकडे पाहिलं. लाट होती, पण गुडघाभर. त्याने होडी वळवली. अर्ध्या वाटेत विमान त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याने वर पाहिलं नाही. रिकाम्या फळीवरची शाल तेवढी घडी करून ठेवली.

होडी बांधून तो तसाच ओल्या बुटांनिशी विमानतळावर गेला. रोबिना दुसऱ्या विमानाची वाट पाहत होती. मेरन तिच्या शेजारी पोरीला घेऊन उभी होती.

"बाबा, बघ ना, झोपूनच आली!"

"दोन मिनिटांत जागी कशाला होईल?" मॅन्सी म्हणाला. "तिचंही वजन विचारलं?"

"विचारतातच रे सगळ्यांचं. विमान तोलायचं असतं."

"मी कधी कुणाचं वजन विचारलं नाही."

त्याने पोरीच्या गालाला बोट लावलं. बोट खारट, गार होतं. पोर दचकून रडायला लागली.

"परत जाताना माझ्या होडीतून नेऊ?"

मेरनने आईकडे पाहिलं. तेवढं त्याला पुरलं.

"मॅन्सी, कुंपणामागे हो," रोबिना हळूच म्हणाली. "विमान आलं."

तो कुंपणामागे झाला, आणि तिथे न थांबता धक्क्याच्या वाटेला लागला. रोबिनाने हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती विरून गेली. विमान परत उडेपर्यंत तिला जागा सोडायची मुभा नव्हती. पिवळ्या पोशाखात ती तशीच उभी राहिली, आणि त्याची वाकलेली पाठ उताराखाली जाईपर्यंत बघत राहिली.