शेवटच्या माणसाच्या मागून

शर्यतीत सगळ्यांत शेवटी जो असतो, त्याच्याही मागून चालायचं, हे माझं काम. खानापूरच्या पश्चिमेला जंगलात डोंगरवाटेनं पळायच्या शर्यती भरतात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडची माणसं गाड्या करून येतात, चढ चढतात, ओढे ओलांडतात, तळ्याच्या बांधावरून पळतात आणि दुपारी जेवून घरी जातात. त्यांना वाट कळावी म्हणून आम्ही आधी दोन दिवस झाडांना लाल कापडाच्या फिती बांधतो. फाटा आला की तीन फिती, आणि खाली चुन्याचा बाण. शर्यत झाली की त्याच दिवशी सगळं काढायचं, ही वनखात्याची अट. म्हणून मी पोतं घेऊन शेवटी चालतो. फीत सोडायची, बाण पायानं पुसायचा, पुढं जायचं. दोन दिवस बांधलेलं एका सकाळी सोडताना बोटं दुखतात, आणि पायांचं तर विचारूच नका.

मी मूळचा इकडचा न्हाय. सातवीनंतर शाळा सोडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर संकेश्वरच्या बाजूला आलो. टोळी परत गेली तेव्हा मी तापानं पडलो होतो. खानापूरच्या एका रोपवाटिकेच्या मालकांनी मला दवाखान्यात नेलं, नंतर कामावर ठेवलं, शेडमागची खोली दिली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. शर्यती तेच भरवतात. त्यांनी मला कधी हिशेबानं वागवलं न्हाय, आणि त्याचीच मला भीती वाटत आली. आपलं माणूस म्हणून ठेवलेला मी. एक मोठी चूक झाली की परका होईन, असं रोज सकाळी उठताना वाटायचं. गावी आई फोनवर विचारते, "बरं चाललंय ना?" मी हो म्हणतो आणि फोन ठेवतो.

त्या रविवारी शेवटच्या होत्या एक आक्का. पन्नाशीच्या, बेळगावात कचेरीत नोकरी, माहेर याच जंगलाच्या पायथ्याचं. पहिल्यांदाच पळायला आलेल्या. पळणं कसलं, पहिला चढ संपला तेव्हाच चालायला लागल्या. मी दहा पावलं मागं. थोड्या वेळानं त्या थांबल्या आणि वळल्या.

"असं मागं मागं नको रं चालू. शेळी हाकलल्यासारखं वाटालंय मला."

"काम हाय आक्का. शेवटच्याच्या मागं राहायचं."

"मग ऱ्हा की. दिसू नकोस एवढंच. शेवटची हाय हे मला माहीत हाय, तुझं तोंड बघून परत कशाला आठवायचं?"

मला हसू आलं. मी लांब राहिलो. वळणाआड त्यांचा पिवळा शर्ट दिसला की थांबायचो, दिसेनासा झाला की फिती सोडत निघायचो. धुकं होतं. मध्ये मध्ये कारवीच्या झुडपांची दाटी. थोड्या वेळानं शर्ट दिसेनासा झाला तो झालाच. मला वाटलं, उतार लागला म्हणून बाईंनी पाय उचलला असेल.

वाटेत देवराई लागते. तिच्यात पायताण घालून जायचं न्हाय, म्हणून शर्यतीची वाट आम्ही बाहेरून वळवली आहे. गावातली माणसं कडेच्या दगडापाशी चपला काढून आत जातात. मी नवा होतो तेव्हा असल्या चपला दिसल्या की थबकायचो, कुणाच्या असतील म्हणून बघायचो. आता बघत न्हाय. त्या दिवशीही दगडापाशी तीन-चार जोड होते. त्यांत एक बुटांचा होता, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. डोक्यानं न्हाय बघितलं. मी फिती सोडत पुढं गेलो. त्यापुढं ओढ्याचा फाटा आहे, तिथं तीन वाटा फुटतात. तिथल्या तिन्ही फिती सोडल्या, बाण पुसला, पोतं खांद्यावर टाकलं.

तळ्याच्या बांधावर पाण्याचं टेबल होतं. तिथं बसलेली कॉलेजची पोरगी यादी बघत म्हणाली, "दादा, एक नंबर राहिलाय की. आक्का आल्या न्हाईत अजून."

"पुढं गेल्या असतील."

"कशा जातील? मी सकाळपासनं हितंच बसलोय." इकडं बायकाही स्वतःबद्दल 'गेलो, बसलो' असंच बोलतात.

मला तो बुटांचा जोड तेव्हा दिसला. म्हणजे आता डोक्यानं दिसला. माझ्या पोत्यात देवराईपासून इथपर्यंतची सगळी वाट होती, आणि आक्का मागं देवराईत राहिल्या होत्या, वाटेविना. फोनला रेंज न्हाय. ओढ्याच्या बाजूला गव्यांचा कळप फिरतोय असं वनखात्याच्या गार्डनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी पोतं तिथंच टाकलं आणि उलटा पळत सुटलो.

चार वर्षं पळणाऱ्यांच्या मागं चाललो, पण स्वतः पळालो तो त्याच दिवशी. छाती फुटायला आली. काय बघायला मिळेल याची भीती होतीच, आणि तिच्या मागून दुसरी, अण्णांना काय तोंड दाखवायचं याची. खरं सांगायचं तर दुसरी काही पावलं पहिलीच्या पुढं पळत होती. त्याची लाज अजून वाटते.

फाट्यावर पोचलो. मी पायानं बाण फिसकटला होता, चुना सगळीकडं पसरला होता. त्यातून बुटांच्या नक्षीदार तळव्यांचे पांढरे ठसे डाव्या वाटेनं उतरले होते. चुकीच्या वाटेनं. ठसे दहा-बारा पावलांवर विरले. मी हाका मारत उतरलो. दोन वळणांनंतर उत्तर आलं, "आगं बाई, आलास का रं?"

आक्का ओढ्यातल्या कोरड्या दगडावर बसल्या होत्या. लागलं न्हव्हतं कुठं. चेहरा मात्र उतरला होता. मी पाया पडलो की खाली बसलो, आठवत न्हाय.

"देवाला गेलतो," त्या म्हणाल्या. "आई असताना येत होतो हितं. जरा बसलो. भाईर आलो तर एक फीत न्हाई. माझ्या पायाखालची वाट काढून नेलास की रं!"

"चुकलं आक्का. बूट बघितलते मी."

"बघितलतास?"

"व्हय."

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू का घाबरालाईस? हरवलो तर मी होतो." अण्णांना काय तोंड दाखवू, ते मी सांगितलं, तुटक तुटक. त्या उठल्या, गुडघे चोळले. "माहेरची वाट म्हणून ही धरलो. ह्या नव्या रस्त्यांनी सगळं बदलून ठेवलंय. चल. अण्णाला सांगू, मीच वाट चुकलो म्हणून. माझं काय जातंय?"

तळ्यापर्यंत मी वाट दाखवत पुढं चाललो. बांधावरून पुढं फिती जागेवर होत्या. पोतं उचलून मी पुढं व्हायला लागलो तर त्यांनी अडवलं. "मागं हो. शेवटची मी हाय अजून." मग त्या चालत राहिल्या आणि मी मागून एक एक फीत सोडत राहिलो, दर वेळी मान वर करून पिवळा शर्ट बघत. एवढी लांब वाट मी कधी चाललो न्हव्हतो.

शर्यत संपते तिथल्या मांडवात जेवणं आटपली होती. अण्णा फोनवर फॉरेस्टवाल्यांशी कन्नडमध्ये बोलत होते. आम्हांला बघून फोन ठेवला आणि आधी आक्कांना खुर्ची दिली.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाई हो. देवाला गेलतो, वाट चुकलो. ह्यानं शोधून आणलं मला."

झालं होतं. मी नुसतं उभं राहायचं होतं. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "बरं केलंस," म्हणाले. तो हात जर पाठीवर पडला नसता तर मी गप्प राहिलो असतो, असं मला वाटतं.

"अण्णा, त्या मागं असताना मी फिती काढल्या. देवराईपाशी बूट दिसलते. तरी काढल्या."

हात निघाला. अण्णांनी आक्कांकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली. मांडव सोडणारी माणसं दोर गुंडाळत होती.

"गवा असता तर?" अण्णा म्हणाले.

मी पोत्याचं तोंड आवळत राहिलो.

"पुढच्या बारीला तू शेवटी न्हाईस. फिती बांधायला ये, काढायला दुसरा कोण तर जाईल."

"व्हय अण्णा."

ते वळले, दोन पावलं गेले आणि पाठ तशीच ठेवून म्हणाले, "उद्या लवकर ये. आंब्याची रोपं पिशवीत भरायची हाईत. आणि आधी जेव."

मी पोतं खाली ठेवलं. आक्कांनी आपल्याला वाढलेलं ताट माझ्याकडं सरकवलं आणि दुसरं मागवलं. भात गार झाला होता. मी खाल्ला.