दुखणं सांगायची शिकवणी

सिस्टरना "मी बरी आहे" असं सांगून कोणी सुटलं, असं आमच्या गिरगावात घडलेलं मला आठवत नाही. भाजीवालीकडे भेटा, बसस्टॉपवर भेटा, त्या विचारणार, "कशी आहेस?" आपण सवयीने "बरी" म्हणून पुढे निघावं, तर त्या जागच्या हलायच्या नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेत आपल्याकडे बघत राहायच्या. मग आपल्यालाच आपला खांदा आठवायचा, नाहीतर टाच. "हां," त्या म्हणायच्या, "आता खरं बोललीस."

परळच्या एका मोठ्या इस्पितळात पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळून त्या रिटायर झाल्या होत्या. जन्म गोव्यातला, आणि पोर्तुगीज जायच्या आधी शाळेत गेलेल्या, त्यामुळे ती भाषा पक्की. आमच्या चाळीमागच्या वाडीत, लाकडी जिन्याच्या घरात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं. "पन्नास खाटा होत्या गो," त्या म्हणाल्या, "एकावन्नावी कुठे घालू?"

आठ वर्षांपूर्वी मी त्यांची विद्यार्थिनी झाले. मुलगा लिस्बनला नोकरीला, सूनबाईंना दिवस गेलेले, आणि बाळंतपणाला पाच महिने मी जायचं ठरलेलं. मुलगा म्हणाला, "आई, आम्ही दोघं कामावर असू. दहा-बारा वाक्यं शिकून ये." माझं वय तेव्हा सहासष्ट, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही आजारपणाची रजा घेतली नाही, हे बारशापासून बाराव्यापर्यंत कुठल्याही समारंभात मी ऐकवत असे. लोक जिलेबीचं ताट घेऊन दुसरीकडे सरकत, ते मला गर्दीमुळे वाटे.

नवी कोरी वही घेऊन गेले. पहिलंच वाक्य सिस्टरनी लिहून दिलं, "दॉय-म अ कबेसा." म्हणजे माझं डोकं दुखतंय.

"आधी नमस्कार शिकवा ना," मी म्हटलं.

"नमस्कार हात जोडून होतो. दुखणं कसं सांगशील?"

"पोटावर हात ठेवीन."

"आणि गरगरलं तर?"

मी कानाशी बोट गोल गोल फिरवून दाखवलं. "छान," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरला वाटेल तू त्यालाच वेडा म्हणतेस."

गरगरणं त्यांच्या तोंडून आलं आणि मी वहीत मान घातली. कारण दोन महिने मला रोज सकाळी गरगरत होतं. ओट्याला धरून उभी राहायचे. घरी विचारलं तर चतुर्थी, एकादशी, ऊन, जे हाताशी असेल ते पुढे करायचे. खरं कळलं असतं तर मुलाने तिकीट रद्द केलं असतं, आणि पहिलं नातवंड मी फोनच्या काचेतून पाहिलं असतं.

सिस्टरच्या शिकवणीचा एकच नियम होता. खोटं दुखणं चालायचं नाही. "खोटं पाठ होत नाही, बाय. आज अंगात जे असेल ते सांग." मग मी कधी टाच सांगायची, कधी दाढ. गंमत म्हणजे मराठीत मला ही वाक्यं कधी जमलीच नव्हती. आमच्याकडे बाई फार तर "जरा कसंतरी होतंय" म्हणते, आणि तेही भांडी घासता घासता. परक्या भाषेत मात्र लाज वाटत नव्हती. ऐकायला सासरचं कोणी नव्हतं ना.

एका गुरुवारी त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "ओंद दॉय?" कुठे दुखतं? दाढ संपली होती, टाच संपली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेन्यु तोंतूरश." मला गरगरतंय.

"उच्चार बरा आहे," सिस्टर म्हणाल्या. "किती दिवस?"

"दोन महिने."

"घरी कोणाला ठाऊक?"

"तुम्हाला."

त्यांनी वही मिटली. कपाटातून पाऱ्याचं बीपीचं यंत्र काढलं, माझ्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली. पारा खाली खाली गेला तसा त्यांचा चेहराही उतरला. "गोळ्या कोणत्या घेतेस?" मी सांगितलं. सकाळी माझी घेते. आणि प्रवासाआधीच्या तपासणीत आकडा चांगला यावा म्हणून ह्यांच्या डबीतली अर्धीही घेते. बीपीचीच तर होती. एका घरात तूप वेगळं ठेवत नाही, मग गोळी कशी ठेवणार?

सिस्टरनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला. मग म्हणाल्या, "जिन्यावरून पडली असतीस तर नातवाला काय सांगितलं असतं? आजी काटकसरी होती?"

त्याच संध्याकाळी त्या मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ह्यांच्या अर्ध्या गोळीला बंदी झाली, आणि दहा दिवसांत गरगरणं थांबलं. मुलाला फोन करून सगळं माझ्याच तोंडून सांगायला लावलं त्यांनी, स्वतः शेजारी बसून. तो चिडला, पण तिकीट राहिलं.

लिस्बनला औषधाच्या दुकानात मी एकदा खोकला सांगितला. काउंटरवरची मुलगी भराभर काय काय बोलली, मला शेवटचंच कळलं, "अश मेल्योरश." लवकर बरं वाटू दे. सिस्टर प्रत्येक तासाच्या शेवटी म्हणायच्या तेच. नातीच्या कौतुकात न आलेलं पाणी तिथे डोळ्यांत आलं.

परत आले तर सिस्टर वाळलेल्या. "कशा आहात?" "बरी." जिन्यात अर्ध्यावर थांबून त्या कठड्याला टेकल्या होत्या. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पायरीवर उभी राहिले. "ओंद दॉय?"

त्यांनी वाडीकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "दॉय-म उ पेइतु." पस्तीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी उचललेल्या बाईला आपलं एक सांगायला परकी भाषाच लागली. मी टॅक्सी थांबवली. वेळेत पोहोचलात, डॉक्टर म्हणाले. इस्पितळाच्या खाटेवरून सिस्टर कुरकुरल्या, "विद्यार्थिनी मास्तरणीवर उलटली."

पुढे भाचीने त्यांना वसईला नेलं. निघताना ते पाऱ्याचं यंत्र माझ्या हातात दिलं. "हे दोघांत चालेल. गोळ्या ज्याच्या त्याच्या."

आता दर रविवारी सकाळी फोन असतो. अर्धा तास आम्ही पोर्तुगीजमध्ये आमची दुखणी मोजतो. भाचीला वाटतं, मावशी प्रार्थना करतेय. गेल्या रविवारी सिस्टर म्हणाल्या, "आज काही दुखत नाही."

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि बसून राहिले.

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. "बरं बाय. डावा गुडघा."

"हां," मी म्हटलं. "आता खरं बोललात."