दावणीचा बोकड

नवल कंडक्टरच्या गाडीत विनातिकीट बसायची कुणाची टाप नव्हती. भुसावळच्या फेरीला एकदा त्याने सख्ख्या साडूला भर उन्हात, ना गाव ना झाड अशा जागी खाली उतरवलं होतं. साडू तेव्हापासून दिवाळीला येत नाही आणि नवललाही त्याचं काही वाटत नाही. फसवणूक म्हटली की त्याचं डोकं फिरायचं. एसटीतून निवृत्त होऊन एरंडोलच्या घरी बसला, तरी गल्लीत कुणी लबाडी केली की तो भुवया चढवून असा बघायचा, की समोरचा उगाच खिसे चाचपायचा.

अशा माणसाच्या घरात बोकड आला तो लेकीमुळे. ज्योती जळगावला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जनावरांच्या एका आश्रयघरात जाते. हमरस्त्यावर बकऱ्यांनी ठासून भरलेला एक ट्रक पोलिसांनी अडवला, तेव्हा जिवंत निघालेली जनावरं तिथे आली. बरी झाल्यावर त्यांना घरं शोधायची होती. दुधासाठी नाही, मटणासाठी नाही, नुसतं सोबतीला ठेवून घेतील अशी घरं.

"बोकड सोबतीला?" नवल हसला. "उद्या कोंबडीला शाळेत घालाल."

पण ज्योती सासरी गेल्यापासून प्रमिलाबाईला घर खायला उठायचं, हे त्यालाही दिसत होतं. तो बायकोला घेऊन जळगावला गेला. आश्रयघरातल्या माणसाने त्याला एका काळ्या पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. म्हणाला, "भाऊ, शब्द द्या. विकणार नाही, कापणार नाही, मरेपर्यंत सांभाळाल." नवलने हसत हसत शब्द दिला.

प्रमिलाबाईने त्याचं नाव भिका ठेवलं. मागून आणलेलं लेकरू, दृष्ट नको लागायला. दर रविवारी ती अंगणातल्या फरशीवर त्याला उभं करून तांब्या-तांब्याने कोमट पाणी घालायची, जुन्या टॉवेलने पुसायची. एरवी बकरीच्या जातीला पाण्याचं वावडं, थेंब पडला की अंग झाडून मोकळी होते. भिका सुरुवातीला तसंच करायचा. पुढे पुढे सरावला. पाणी पडलं की डोळे मिटून, मान पुढे करून उभा राहायचा. "दखा, न्हाव्याकडे बसलेल्या गिऱ्हाइकासारखा," असं नवल म्हणायचा आणि त्याला स्वतःच्या ताटातला भाकरीचा तुकडा दाखवायचा. "तिकीट?" असं विचारलं की भिका पुढचा खूर त्याच्या गुडघ्यावर ठेवायचा. मगच तुकडा. आता कोण कोणावर हसत होतं, ते तुम्हीच ठरवा.

आणि मग प्रमिलाबाईच्या पोटात दुखू लागलं. जळगावला नेलं तर पित्ताशय पिकलेलं, ताबडतोब ऑपरेशन. तिला आत नेलं आणि नवल बाहेरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. ज्योती औषधांच्या दुकानात गेली होती. आजूबाजूला एकही ओळखीचा चेहरा नव्हता. त्याच्या मूळ गावाबाहेर, नाल्याकाठी मरीआईचं ठाणं आहे. घरात कुणी अंथरूण धरलं की त्याचा बाप तिच्यासमोर जे बोलायचा, तेच शब्द नवलच्या तोंडातून बाहेर पडले. "आई, हिला उभी कर. दावणीचा बोकड तुला देईन."

बापाच्या दावणीला बारा-चौदा बकऱ्या असायच्या. त्याला एखादा बोकड देणं जड नव्हतं. नवलच्या दावणीला एकच होता. हे त्याच्या ध्यानात आलं ते शब्द निघून गेल्यावर.

प्रमिलाबाई उठली. हिंडूफिरू लागली, भिक्याला पुन्हा अंघोळ घालू लागली. नवल गुपचूप गावी जाऊन पुना आबाला भेटला. आबा ठाण्याचा भगत, नवलच्या बापाच्या बरोबरीचा.

"आबा, बाजारातून चांगला धष्टपुष्ट घेतो. चालेल ना?"

"तू काय बोलना व्हतास?"

"दावणीचा."

"मंग दावणीना म्हणजे दावणीनाच. आईले बजारना बोकड चालत नई."

नवल परत आला आणि त्याने ती गोष्ट मनाच्या तळाशी दडपून टाकली. पण खाई त्याला खवखवे. पावसाळ्याच्या शेवटी प्रमिलाबाईला ताप आला. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, साथीचा. नवलला ते साधं वाटेना. रात्रंदिवस त्याला एकच दिसत होतं, की आई थांबून थांबून दमली आणि आता वसुलीला आली. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तिचं लेकरू. ताप उतरला त्याच आठवड्यात त्याने ठरवलं.

"भिक्याला लस टोचून आणतो," तो म्हणाला. आयुष्यात बायकोशी बोललेलं हे त्याचं पहिलं मोठं खोटं.

प्रमिलाबाईने रविवार नसताना भिक्याला न्हाऊ घातलं. चार माणसांत जायचं, घाण दिसायला नको. जाताना दृष्ट लागू नये म्हणून कपाळावर हळदीचं बोट ओढलं. ते पिवळं बोट पाहून नवलने मान फिरवली.

"त्याले सांभाळीसन लई जा," ती म्हणाली. "घाबरी जास तो." आणि भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून त्याच्या खिशात घातला.

ठाण्यावर दहा-पंधरा माणसं होती. आधीच्या कुणाचा तरी बोकड नुकताच कापून झाला होता, माती रक्ताने ओली होती. भिका त्या वासाने बावरला आणि नवलच्या पायाला चिकटून उभा राहिला. दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं ना तिथे.

आता तिथली रीत अशी, की नवस बोलणाऱ्याने स्वतःच्या हाताने बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. बोकडाने अंग झाडलं की आईने घेतला. नाही झाडलं तर पुन्हा ओतायचं. तिसऱ्यांदाही तो तसाच उभा राहिला तर आईला नको आहे. मग नारळ फोडायचा आणि बोकड घरी न्यायचा, नवस फिटला. पण असा घरी गेलेला बोकड गावात कुणी पाहिला नव्हता. पाण्याला न झाडणारा बोकड असतो कुठे?

नवलने पहिला तांब्या ओतला. भिक्याने डोळे मिटले आणि मान पुढे केली.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हे आईचं बोलणं नव्हे, ही प्रमिलाबाईच्या रविवारांची सवय, हे तिथे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. सांगावं तर बोकड जातो, न सांगावं तर आईशी लबाडी होते. त्याने तांब्या पुन्हा भरला. दुसरा तांब्या ओतला. भिका तसाच, सुखात उभा.

"कानमा टाक," मागून कुणीतरी म्हणालं. "कानमा पानी गये का झाडसच."

पुना आबाने मान हलवली. तिसरा तांब्या कानात.

नवलने डाव्या हाताने भिक्याचं डोकं धरलं आणि उजव्या हाताने तांब्या कलता केला. बघणाऱ्यांना वाटलं, त्याने डोकं नीट धरलंय. त्याने अंगठा कानात खुपसला होता. इतका जोरात, की नख आत रुतलं आणि भिका घशातल्या घशात ओरडला. पाणी कानावरून ओघळून मातीत गेलं. भिका हलला नाही. त्याला हलताच येत नव्हतं.

"आईनी सोडं रे त्याले," पुना आबा म्हणाला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "नारळ फोड नि घर लई जा."

लोक भिक्याच्या पाया पडले. नवलने नारळ फोडला. ज्याने सख्ख्या साडूला गाडीतून खाली उतरवलं होतं, तो नवल कंडक्टर देवीच्या दारातून विनातिकीट परत निघाला. वाटेत त्याने फडक्यातला भाकरीचा तुकडा भिक्यासमोर धरला. भिक्याने तोंड फिरवलं.

त्यानंतर प्रमिलाबाई खोकली की नवल हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचा. ती म्हणायची, "मले काय व्हयेल नई, असा काय दखतस?" त्याला वाटायचं, सांगून टाकावं. मग वाटायचं, सांगितलं तर ती विचारेल, नेलाच कशाला होता? आणि तो पुन्हा हातातल्या कामाकडे वळायचा.

पुढच्या रविवारी सकाळी तो तोंड धुवायला तांब्या घेऊन अंगणात आला. भिका जास्वंदीखाली बसला होता. तो धडपडून उठला, त्याने तांब्याकडे पाहिलं आणि शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं.

नवल जागच्या जागी थिजला. ठाण्यावर जे तीनदा झालं नाही, ते इथे कोरड्या अंगणात झालं होतं.

"वं माय! पानी तं टाकंबी नई, मंग का झाडस हाऊ?" प्रमिलाबाईने त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि भिक्याच्या पाठीवर ओतला. भिक्याने डोळे मिटले, मान पुढे केली. "दखा. मना हातले काहीच नई." तिने भरलेला तांब्या पुन्हा त्याच्यापुढे धरला. "धरा, तुम्ही टाका बरं."

नवलने हात मागे घेतला.

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिक्याकडे. "काय करं तुम्ही त्याले?"

"मी काय करणार?" नवल म्हणाला. "लस टोचताना डॉक्टरने कान जोरात धरला होता."

मग प्रमिलाबाईने त्या डॉक्टरला धारेवर धरलं. मुक्या जिवावर हात टाकणारा मेला, त्याच्या हाताला किडे पडोत, त्याच्या घरी लेकरंबाळं नाहीत का, इतक्या विश्वासाने पाठवलं होतं मी. बोलता बोलता ती भिक्याच्या कानावर फुंकर घालत होती. नवल खाली मान घालून तिथेच उभा राहिला आणि त्याने त्यातली एकही शिवी चुकू दिली नाही.