शहर मी बघून ठरवणार

आमच्या घरात त्या वर्षी दोन परक्या गावांची नावं एकाच आठवड्यात आली. एक इटलीतलं, मिलानजवळचं बेर्गामो. दुसरं पोर्तुगालमधलं गिमाराइंश, जे मला पहिले पंधरा दिवस नीट म्हणताही येत नव्हतं. दोन्हीकडून माझ्या नवऱ्याला नोकरी चालून आली होती.

नवरा मागांचा मेस्त्री. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने आहेत. तिथं इटलीहून आलेले मोठे माग बसवायचे, बिघडले की उघडायचे, पुन्हा चालू करून द्यायचे, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. माग बनवणाऱ्या कंपनीची माणसं अधूनमधून सोलापुरात यायची. त्यांनी ह्यांचा हात बघितला होता. ‘आमच्याकडंच या’ म्हणाले. गिमाराइंशच्या एका टॉवेल गिरणीत तेच माग होते, त्यांनाही असाच माणूस हवा होता.

मी टॉवेलच्या कडा शिवते. कारखान्यातून कापलेल्या टॉवेलांचे गठ्ठे घरी येतात, मी पुढच्या खोलीत मशिनीवर बसून चारी बाजू दुमडून शिवते, कोपरे बसवते. लग्नाआधीपासून हेच करत आले. परदेशाचा विषय निघाला तेव्हा या कामाचं तिकडं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही दोन दिवस विचारलं नाही.

मिलानचं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पुण्याचा दीर फोनवर म्हणाला, “वहिनी, विचार कसला करताय? मिलान म्हणजे मिलान!” मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं मोबाइलवर युरोपातल्या राहायला चांगल्या शहरांच्या याद्याच शोधून काढल्या. कुठं मेट्रो चांगली, कुठं बागा जास्त, कुठली कॉफी भारी. मी गठ्ठा सोडता सोडता ऐकत होते.

“यात बायकांना शिवणकाम कुठं मिळतं ते लिहिलंय का गं?” मी विचारलं.

“आई, असं कोण लिहितं?”

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला, चहा घेतला, तेव्हा मी सांगून टाकलं. “तुम्ही दोन्हीकडं भेटायला जाणार आहात ना? मी पण येते. शहर मी बघून ठरवणार.”

त्यांना आधी मी चेष्टा करतेय असं वाटलं. मग म्हणाले, “आठ-दहा दिवसांत तुला काय कळणार आहे?”

“मला एकटीला बाजारात जाऊन परत येता येतं का, एवढं कळेल. आणि माझ्या हाताला काम आहे का, ते कळेल.”

“तिथं गेल्यावर तुला काम करायची गरज काय?”

“गरज कुणाची विचारताय? तुमची का माझी?”

तिकीट मी माझ्या शिलाईच्या पैशातून काढणार म्हटल्यावर मात्र त्यांना नाही म्हणता येईना.

सासूबाई हे सगळं दारात बसून ऐकत होत्या. त्या आयुष्यभर विड्या वळत आल्या. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणून सोडलं, पण हात रिकामे राहत नाहीत, पदराचं टोक वळत बसतात. घरात आम्ही तेलुगूच बोलतो, पण त्यांना राग आला की त्या मराठीत येतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशिनीवर होते, तर शेजारी येऊन बसल्या.

“मी तेरा वर्साची होते,” त्या म्हणाल्या. “तेलंगणातनं गाडीत बसवलं, हितं उतरवलं. म्हनले, हे सोलापूर. मला कुनी इचारलं न्हाई, तुला आवडतंय का म्हून. हितलं पानी आवडलं न्हाई, बोली कळंना. दोन वर्सं मी नळावर कुनाशी बोलले न्हाई.”

“मग?”

“मग काय! ऱ्हायले की. पन तू बघून ये. पोरीला मी सांभाळते. त्यो काय म्हनतो त्याला म्हनू दे.”

मी मशीन थांबवली होती. त्यांच्यासाठी उठून चहा टाकला.

मार्चात आम्ही निघालो. सोलापूर तापायला लागलं होतं आणि माझ्या बॅगेत दोन स्वेटर होते.

बेर्गामो सुंदर आहे, हे आधी सांगते. डोंगरावर जुनं गाव, खाली नवं. एक दिवस मिलान बघितलं. तिथल्या मोठ्या चर्चच्या छतावर चढून आम्ही दोघं उभे राहिलो, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्यानं चारचौघांत माझा हात धरला. कंपनीत गेल्यावर तर ते वेगळेच दिसत होते. ज्या मागांचे सुटे भाग त्यांनी सोलापूरच्या धुळीत हजार वेळा पुसले, ते माग तिथं नवेकोरे रांगेत उभे होते. ते प्रत्येकाला हात लावत चालले होते. मी मागून बघत होते. या माणसाला इथं यायचंय, हे मला तेव्हाच कळलं.

तिसऱ्या दिवशी मी एकटी बाजाराला निघाले. मोठं दुकान सापडलं. सगळे आपापली टोपली घेऊन, कानात काहीतरी घालून, आपणच माल मोजून, आपणच यंत्राला पैसे देऊन जात होते. मला कोथिंबीर हवी होती. मोबाइलवर फोटो दाखवला. एका मुलीनं हसून जुडी हातात दिली. खोलीवर येऊन वास घेतला तर ती कोथिंबीर नव्हतीच, तिच्यासारखं दिसणारं दुसरंच काही होतं. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. पण जाऊन येईपर्यंत मी एक शब्द बोलले नव्हते आणि मला बोलायची वेळही आली नव्हती.

कंपनीच्या ऑफिसात मी नवऱ्याकरवी विचारलं, मला इथं काय काम मिळेल? तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, इथं यंत्रं बनतात, शिवणकाम नाही. आधी दोनेक वर्षं भाषा शिका, मग बघू. खरंच सांगत होत्या. मी मान हलवली. मनात म्हटलं, सासूबाईंची दोन वर्षं आणि ही दोन वर्षं.

गिमाराइंशला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता, आणि आम्ही होतो तितके दिवस तो थांबला नाही. गाव दगडाचं. रस्तेही दगडाचे. दुसऱ्या सकाळी नवरा गिरणीत गेला आणि मी बाजार शोधत निघाले, तर उतारावर पाय घसरून सरळ आपटले. गुडघा फुटला, दोन्ही तळवे सोलले. क्षणभर वाटलं, उठून खोलीवर जावं, दार लावून घ्यावं आणि नवऱ्याला सांगावं की तुमचंच खरं, मिलानला जाऊ.

मग म्हटलं, बाजारात जाऊन यायचं ठरलंय. लंगडत का होईना, जायचं.

बाजार पुढच्याच वळणावर होता. भाजी विकणाऱ्या एका जाड्या म्हातारीनं माझे हात बघितले आणि ओरडायलाच लागली. मला एका खोक्यावर बसवलं, बाटलीतलं पाणी तळव्यांवर ओतलं, आपल्या ॲप्रननं ते पुसले. बोलणं अखंड चालू. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बरं वाटल्यावर मी उठून तिच्या मालाकडं बोट दाखवलं, म्हणजे मी गिऱ्हाईक आहे हे तिला कळावं. तर ती एकेक वस्तू उचलून मला नाव सांगू लागली.

“बताता,” ती म्हणाली. हातात बटाटा.

मी म्हटलं, “बटाटा!”

तिनं कोबी उचलला. “कोव.”

“कोबी!”

“अनानाश.”

“अननस!”

म्हातारी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागली. तिनं शेजारच्या पाववालीला हाक मारली. त्या बाईनं पाव वर धरला आणि काहीतरी ‘पांव’ असं म्हणाली. मी म्हटलं, पाव. मग म्हातारीनं ॲप्रनच्या खिशातून चावी काढली. ‘शाव्ह’ म्हणाली. मला आधी कळलं नाही, मग मी ‘चावी’ म्हटल्यावर दोघी टाळ्या पिटायला लागल्या. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी हसत होते. पुढं मुलीनं शोधून सांगितलं की हे शब्द जुन्या काळी पोर्तुगीजांकडूनच मराठीत आले. मला तेव्हा ते माहीत नव्हतं. मला वाटलं, यांना आपलं बोलणं कसं काय येतं!

कोथिंबीरही होती, ढिगानं होती. एक जुडी घेऊन मी एकटी, न चुकता, खोलीवर परतले.

शेवटच्या दिवशी गिरणीत गेलो. कडा मारायच्या खात्यात बायकांच्या रांगा होत्या. मुख्य बाई साठीच्या, केस आखूड, गळ्यात टेप. मी खुणेनं विचारलं, बसू का? त्यांनी एक मशीन मोकळी करून दिली.

पहिला टॉवेल मी वाया घालवला. पायाखालचं पेडल नुसतं टेकवलं तरी मशीन पळत होती; शिलाई वाकडी गेली, कोपरा चुरगळला. दोघी-तिघी हसल्या. नवरा दारात उभा होता, तो म्हणाला, “राहू दे, तुझ्या सवयीची नाही ती.”

“कात्री द्या,” मी म्हटलं.

शिलाई उसवली. सगळी उसवली, अगदी पहिल्या टाक्यापर्यंत. पायातला बूट काढला, कारण आमच्याकडं मी अनवाणीच मशीन चालवते आणि पायाला कळल्याशिवाय माझ्या हाताला कळत नाही. थंडगार पेडलवर पाय ठेवला, दोनदा नुसतीच चालवून बघितली आणि मग सुरू केलं. एक बाजू, कोपरा, दुसरी बाजू, कोपरा. चौथ्या कोपऱ्याला हसणं थांबलं होतं.

मुख्य बाईंनी टॉवेल उजेडात धरला, कोपरे उलटून बघितले. मोबाइलमध्ये काहीतरी बोलल्या आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. मराठीत लिहून आलं होतं: “कोपरा शिकवशील का?”

सोलापूरला परतल्यावर मी घरात सांगितलं, गिमाराइंश.

मुलगी रडली. दीर फोनवर म्हणाला, “वहिनी, लोक मिलानसाठी तडफडतात, आणि तुम्ही त्या खेड्यात?” नवरा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, ताट बाजूला सारून म्हणाला, “माझं सगळं आयुष्य त्या मागांत गेलं. जिथं ते बनतात तिथं काम करायला मिळतंय. तुला काय वाटलं, मला हाक मारायला ते पुन्हा येतील?”

मला हेच ऐकायचं नव्हतं, कारण ते खरं होतं. त्या छतावर धरलेला हात मला आठवत होता. तरी मी मागं हटले नाही.

“तुम्हाला दोन्हीकडं काम आहे,” मी म्हटलं. “मला एकाच ठिकाणी आहे. मी मिलानला आले तर तुमच्या मागं येईन. गिमाराइंशला तुमच्यासोबत येईन. तुम्हाला कुठली बायको पाहिजे ते सांगा.”

त्यांनी उठून हात धुतले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बेर्गामोच्या माणसाला फोन लावला. त्यांचं तोडकंमोडकं इंग्रजी मला आतून ऐकू येत होतं. तीनदा ‘सॉरी’ म्हणाले. मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि तिसरं ‘सॉरी’ होईपर्यंत तशीच उभी राहिले. त्यांचं काय गेलं हे मला माहीत आहे, आणि आजही मी ते कमी करून सांगत नाही.

कागदपत्रांना अकरा महिने लागले. माझा अर्ज एकदा परत आला, लग्नाच्या दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नव्हतं. कॉर्पोरेशनच्या खिडकीत मी इतक्या वेळा गेले की तिथला कारकून मला बघून आधीच म्हणायचा, “अहो बाई, झालं नाही अजून.” मी म्हणायचे, “मग मी बसते.” आणि बसायचे. या अकरा महिन्यांत मशिनीसमोर मोबाइल टेकवून, कडा मारता मारता, मी रोज पोर्तुगीज ऐकलं. तेलुगू, मराठी, कन्नड, दख्खनी या चार भाषा बोलायला मी शाळेत न जाता शिकले होते. पाचवीला भ्यायचं कारण नव्हतं.

इथं येऊन आता तीन वर्षं होतील. पाऊस फार आहे. हिवाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, सोलापूरचं कडकडीत ऊन आठवून मला कधी कधी चीड येते. सासूबाई पुण्याला दिराकडं असतात. मुलगी पहिलं वर्ष गप्प गप्प होती. आता ती मित्रमैत्रिणींशी काय बोलते ते मला अर्धंच समजतं. गिरणीत नव्या मुली आल्या की त्यांना माझ्याकडं पाठवतात.

मागच्या महिन्यात आम्ही ते ओल धरणारं घर सोडून दुसरं भाड्यानं घेतलं. वरच्या मजल्यावर, दक्षिणेकडं खिडक्या असलेलं. ते मीच शोधलं, चार घरमालकांशी मीच बोलले. सही करायला बसलो तेव्हा घरमालकानं सवयीनं कागद नवऱ्यापुढं सरकवला. नवऱ्यानं तो वाचला, आणि पेन माझ्या हातात दिलं.

“तुमच्याशी हीच बोलली ना?” ते त्याला म्हणाले, मराठीतच.

त्याला काही कळलं नाही. मी पोर्तुगीजमध्ये त्याला सांगितलं आणि सही केली.