लाल डोक्याचा साप

यवतमाळ जिल्ह्यात माणसाच्या आधी सापाची खुशाली विचारणारा गृहस्थ एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं भाग्य. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. पंगतीत बसले तरी शेजाऱ्याच्या मानेकडे असं निरखून बघतात, की तो बिचारा घास हातात धरूनच बसतो. लोहाऱ्यातल्या त्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांत लोणचं कधीच नसतं. लोकांनी घाबरून मारलेले लहानलहान साप त्यांत औषधात बुडवून ठेवलेले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. चहा घेताना पाहुण्याने बरण्यांकडे पाठ केलेली त्यांना खपत नाही. माझी मेहुणी, कुसुमताई, दर नागपंचमीला सगळ्या झाकणांवर हळदकुंकू वाहायची. "अवो, चिठ्ठ्या खराब होऊन राह्यल्या!" म्हणून साडू ओरडायचे. ती हसून पुढच्या बरणीकडे वळायची. ती गेल्यापासून साडूंनी एकच ध्यास घेतलाय: सापाची नवी प्रजाती शोधायची आणि तिला कुसुमचं नाव द्यायचं.

यंदा आषाढात महागावच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना मोबाइलवर फोटो पाठवला. वीतभर साप, अंग तपकिरी, मान पिवळी आणि डोकं लालभडक. साडूंनी घरातली पुस्तकं पालथी घातली. आपल्याकडच्या सापांत असं डोकं कुणालाच नव्हतं. लगेच मला फोन. "साडूभाऊ, गाडी काढा. चहा-गिहा काही नाई, निंघा!" महागाव येईपर्यंत ते एकटेच बोलत होते. खवल्यांच्या ओळी, शेपटीवरचे पट्टे, कुसुमचं नाव लॅटिनमध्ये कसं दिसेल, सगळं.

विद्यार्थ्याने साप काचेच्या बरणीत ठेवला होता, झाकणाला भोकं पाडून. साडू अंगणातच पालथे पडले आणि भिंगातून बघू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी साप अलगद हातावर घेतला आणि ओल्या रुमालाने त्याचं डोकं पुसलं. लाल निघालं, पिवळं निघालं, खाली काळंभोर डोकं.

"काळतोंड्या हाये," ते हळूच म्हणाले. हा बिनविषारी साप क्वचितच दिसतो, पण पुस्तकात त्याची नोंद केव्हाचीच झालेली.

विद्यार्थ्याची आई पार ओशाळली. "म्याच वाह्यलं जी हळदकुंकू, पोरानं धरायच्या आधी, वरच्या वर. देव दारात आलता, तसाच कसा जाऊ देऊ?"

आता हे ओरडणार म्हणून मी डोळे मिटले. पण साडू उठले, कपडे झटकले. "चांगलं केलं माय. आमच्या घरीबी असंच करत." साप त्यांनी शेताच्या कडेला धुऱ्यावर सोडला. परतताना मात्र वाटेत दोनदा चहा घेतला. "साप जुनाच निंघाला," म्हणाले, "पण दिवस बेस गेला."

नागपंचमीला मी लोहाऱ्याला गेलो. प्रत्येक बरणीच्या झाकणावर हळदकुंकू होतं, अगदी चिठ्ठ्यांवर सांडेपर्यंत. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चिठ्ठ्या खराब झाल्या."

"होऊ द्या," साडू म्हणाले. "लिहिता येतीन पुन्हा."